टक्क्यांत बोलणारा भाडेकरू

मुलांनो, आमच्या वरच्या मजल्यावर चार वर्षं जो भाडेकरू राहिला, त्याच्याइतका संताप मला अख्ख्या बेंगळुरूत दुसऱ्या कुणी आणला नसेल, आणि यात पाण्याचा टँकरवाला, रिक्षावाले आणि तुमचे आजोबाही धरले आहेत. मूळचा नागपूरचा. इथे आपल्या एचएसआर लेआउट भागातच एका प्रयोगशाळेत कामाला. काय काम, असं विचारलं तर त्याने पहिल्याच दिवशी जिन्यात उभं राहून सगळं सांगितलं. माणसाच्या हृदयाच्या, यकृताच्या पेशी प्लास्टिकच्या प्लेटमधल्या इवल्याशा खळग्यांत वाढवायच्या, त्यांच्यावर नवं औषध घालायचं, त्यांचं काय होतं ते मोजायचं, आणि त्यावरून खऱ्या माणसाच्या शरीरात काय होईल याचा कॉम्प्युटरवर अंदाज बांधायचा. "हृदयाच्या पेशी प्लेटमध्येही धडधडून राहतात, काकू," हे त्याने असं सांगितलं, की स्वतःच्या लेकीच्या नाचाचं कौतुक चाललं आहे असं वाटावं. मी बी.एस्सी. झालेली बाई, मला ते समजलं. समजलं नाही ते एवढंच, की परक्या माणसाच्या काळजाचा अंदाज बांधणाऱ्याला आपण स्वतः जेवायला येणार की नाही हे का सांगता येऊ नये? विचारलं की म्हणायचा, "पन्नास टक्के." पन्नास टक्के माणसासाठी मी कणीक किती भिजवायची?

साधं हो किंवा नाही त्याच्या तोंडून कधी निघालंच नाही. टँकर येईल का? सत्तर. गणपतीच्या आरतीला येशील का? तीस, कारण सण असो की रविवार, पेशींचं खाणं बदलायला प्रयोगशाळेत जावं लागे, आणि पेशींना म्हणे सुट्टी कळत नाही. माझ्या घरची आरती गेली चाळीस वर्षं ठरल्या मिनिटाला सुरू होते. तरीही माझ्यापेक्षा कडक वेळापत्रक कुणाचं तरी आहे, आणि तेही प्लेटमधल्या ठिपक्यांचं, याचा मला फार राग यायचा. त्यात त्याची पाकिटं! प्रत्येक अंदाज तो आधी कागदावर लिहायचा, पाकिटात बंद करायचा आणि माझ्याकडे आणून द्यायचा, कारण माझ्या कपाटात वस्तू हरवत नाही. कामाचं असेल तर पाकिटावर फक्त औषधाचा नंबर. बाकी काही सांगायची त्याला परवानगी नव्हती. "निकाल लागल्यावर सगळेच शहाणे होतात, काकू. आधी लिहिलेलं पाहिजे." निकाल आला की खाली येऊन पाकीट फोडायचं. अंदाज बरोबर आला तर गप्प. चुकला तर "चुकलो, काकू!" असं जिनाभर ओरडायचा, जशी काही लॉटरीच लागली.

एका दिवाळीत तर तो माझ्या स्वयंपाकघरात शिरला. अनारशांचं पीठ दोन बोटांत चिमटून बघितलं आणि तिथल्या तिथे कागदावर लिहिलं, "पहिला हसेल, ऐंशी टक्के." अनारसा हसतो म्हणजे तुपात पडताच विरघळून पसरतो, आणि करणारीची लाज जाते. मी त्याच्याकडे न बघता पहिला अनारसा तुपात सोडला. तो हसला. अनारसा हसला म्हणते मी. हा शहाणा मात्र गंभीर चेहऱ्याने त्याचा चुरा बशीत घेऊन खात बसला. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

पण खरा संताप पुढेच होता. तुमच्या मंदाआजीच्या, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीच्या, फुप्फुसांचा आजार तुम्हाला माहीत आहे. तिच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की एका नव्या औषधाची माणसांवर चाचणी होणार आहे आणि तिचं नाव त्यात घालता येईल. औषधाला अजून नाव नव्हतं, नुसता नंबर होता, चारशे सतरा. मंदाने तो जयनगरच्या घरातल्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवला. आठ महिने ती त्या आकड्याकडे बघून दिवस काढत होती. मग एक दिवस तिचा फोन आला. चाचणी होणार नाही. कुठल्याशा प्रयोगशाळेत हृदयाच्या पेशींवर निकाल वाईट आला म्हणे. मी फोन ठेवला आणि कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात वरच्या माणसाचं पाकीट होतं. वर लिहिलं होतं, चारशे सतरा.

तो घरी येईपर्यंत मी जिन्यातच बसून राहिले. "तू माझ्या बहिणीचं औषध बंद पाडलंस?" त्याचा चेहरा उतरला. "मी बंद नाही पाडलं, काकू. अंदाज सांगितला."

"चिमूटभर पेशींवरून?"

"तुम्ही पहिला अनारसा हसल्यावर काय केलं?"

"काय करणार? तांदळाची पिठी घालून पीठ परत मळलं."

"तेच सांगितलं मी त्यांना. परत मळा."

माझ्या अनारशाने मलाच गप्प करतो! मी त्याला त्याच रविवारी, पेशी उपाशी राहोत की काय होवो, जयनगरला नेलं. म्हटलं, हे तिच्या तोंडावर सांग.

मंदा खिडकीशी बसली होती. दर वाक्यानंतर ती थांबते, हे त्याला दिसत होतं. तिने विचारलं, "किती जणांना झाला असता रे त्रास?"

"माझ्या अंदाजाने शंभरातल्या दहा-एक जणांचं हृदय थांबू शकलं असतं, मावशी."

"मग मी उरलेल्या नव्वदांत असते की."

माझी खात्री होती की आता तरी हा काहीतरी गोड बोलेल. "असता," तो म्हणाला, "बहुतेक."

मी उठलेच होते, त्याला हाताला धरून बाहेर काढायला. पण मंदा हसायला लागली, मग खोकायला, मग पुन्हा हसायला. "अगं ताई, हा खरं बोलतो. डॉक्टर नुसतं 'बघू' म्हणतात. बरं, आता वाढ त्याला. शंभर टक्के जेवणार आहे तो."

त्यानंतर तिचा रोज त्याला फोन. आज जिना उतरू का? पस्तीस टक्के. देवळापर्यंत? वीस. आणि ती जाऊन आली की वरून आरोळी यायची, "चुकलो, काकू!" अशी खुशीतली आरोळी मी दुसरी ऐकलेली नाही.

गेल्या महिन्यात तो पुण्याला गेला. जाताना सगळी पाकिटं फोडून झाली, एक राहिलं. "ते फाडून टाका," म्हणाला. "औषध माणसाला दिलंच नाही, तर मी बरोबर होतो की चूक हे कधीच कळणार नाही." म्हणताना हातातल्या किल्ल्या उगीचच मोजत होता. ज्या अंदाजासाठी त्याने माझ्या शिव्या खाल्ल्या, तेवढाच एक त्याला कधी तपासता येणार नव्हता. मी फाडलं नाही. उघडलंही नाही. माझ्या कपाटात अपुऱ्या कामांचा एक कप्पा आहे, तिथे ते ठेवलं आहे.

काल संध्याकाळी मंदाने मला फोन केला. "कोपऱ्यावरच्या शहाळेवाल्यापर्यंत जमेल का गं?" मी तिचा श्वास ऐकला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "चाळीस टक्के." तिने फोन ठेवला. अर्ध्या तासाने पुन्हा फोन वाजला. आधी नुसती धाप ऐकू आली, मागे रस्त्यावरच्या गाड्या, आणि मग तिचा आवाज, "चुकलीस, ताई!"

मी तारीख घालून लिहून ठेवलं.