खाली माझं नाव होतं

कराडला आमच्या घरातून पत्रकं निघायची. वडिलांचा नियम एकच: खाली नाव नसलेलं पत्रक म्हणजे भिंतीआडून मारलेला दगड. म्हणून कवठे महांकाळजवळच्या एका गावाला पाण्याचा टँकर मिळावा यासाठी मी मोर्चाचं पत्रक काढलं, तेव्हा खाली ठळक अक्षरांत स्वतःचं नाव छापलं.

मोर्चाच्या दिवशी सांगलीत कलेक्टर कचेरीसमोर मी एकटीच. गावच्या बायकांना आणणारा टेम्पो आलाच नाही. टेम्पोवाला सांगलीचा. त्याच्या घरी गेले, तर हा दारात पाइप सोडून टेम्पो धूत होता.

“आवं ताई, मोर्चा रद्द केलाय न्हवं तुमी?”

त्यानं कमरेचा पेजर काढून दाखवला. इंग्रजी अक्षरांत मराठी निरोप: मोर्चा रद्द, टेम्पो पाठवू नका. खाली माझं नाव. नंबर नाही, काही नाही, नुसतं नाव. मी असा निरोप दिलाच नव्हता.

एसटीडी बूथवरून पेजरच्या केंद्राला फोन लावला.

“मॅडम, बोलणारा सांगेल ते नाव आम्ही टाइप करतो,” तिथली मुलगी म्हणाली. “हा निरोप मीच घेतला सकाळी.”

“आवाज बाईचा होता?”

“नाही, पुरुषाचा. पण नवरे बायकोच्या नावानं निरोप देतातच की. आम्ही कुणाकुणाला विचारणार?”

मी फोन ठेवला. कुणीही पुरुषानं माझं नाव सांगावं आणि ते मुकाट टाइप व्हावं!

तसाच टेम्पो काढून मी आणि टेम्पोवाला गावात गेलो. बायका सकाळपासून रिकाम्या घागरी घेऊन देवळापाशी बसलेल्या. मी घडलं ते सांगितलं, टेम्पोवाल्यानं पेजर दाखवला. एका म्हातारीनं कनवटीचं पत्रक काढलं.

“मग ह्यो कागद तरी तुमीच काढलाय कशावरनं?”

“आत्या, खाली नाव हाय की त्यांचं,” शेजारची म्हणाली.

“त्या डबीतबी नावच हुतं की गं!”

बायका हसल्या. मला हसू येईना. वडिलांच्या नियमात या प्रश्नाला उत्तर नव्हतं.

“आता कचेरी बंद झाली आसंल,” म्हातारी उठत म्हणाली. “आज हितंच ऱ्हावा. उद्या तुमी म्होरं बसा, मग आमी चढतो.”

मी राहिले, टेम्पोवालाही राहिला. सकाळी आधी मी टेम्पोत बसले, मग घागरी चढल्या.