चेअरमनच्या खिशातली किल्ली

सन १९७१, गुढीपाडव्याचा दुसरा दिवस. आमच्या दूध संस्थेचं शेहेचाळीस लिटर दूध नासलं. नव्वद पैसे लिटरप्रमाणे एकेचाळीस रुपये चाळीस पैसे. हजर : मी सेक्रेटरी, अकरा सभासद आणि हॉर्न वाजवून थकलेला ट्रकचा ड्रायव्हर. गैरहजर : चेअरमन.

चेअरमन म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. सकाळचं दूध घेऊन झाल्यावर त्यानं दूध ठेवलेल्या खोलीला स्वतःचं कुलूप लावलं आणि किल्ली कुणाला द्यावी हे ठरेना, म्हणून ती खिशात घालून नगरची एसटी धरली. "कुलूप तोडा," लोक म्हणाले. मी तोडू दिलं नाही. तोडलं असतं, तर संध्याकाळी मीच दुधात पाणी घातल्याचा ठपका आला असता. ट्रक रिकामा गेला.

मुळात दादा निवडून आला तो चिठ्ठीवर. दोघांना सारखी मतं पडली आणि चिठ्ठी त्याची निघाली. पारावर कुणीतरी म्हणालं, "चिठ्ठीचा चेअरमन." ते त्याच्या कानी गेलं. तेव्हापासून तो मला 'भावा' म्हणायचा बंद झाला आणि 'सेक्रेटरी' म्हणू लागला.

दूध नासलं त्या संध्याकाळी अकराही जण म्हणाले, असंच चाललं तर आम्ही नेवाशाच्या गवळ्याला दूध घालू. ते गेले असते तर संस्था बंदच.

दादा ज्याचं ऐकेल असा गावात एकच माणूस होता, त्याला लहानपणी तालमीत शिकवणारे वस्ताद. पण चिठ्ठीत हरला तो वस्तादांचा सख्खा भाचा. मला शंका होतीच, तरी गेलो. "तुमचं काय द्यावं लागंल?" मी आधीच विचारलं.

"ते शेवटी बघू," वस्ताद म्हणाले. मला ते मुळीच आवडलं नाही.

दादाला त्यांनी संस्थेसमोरच्या ओट्यावर बसवलं. "हरायची भीती घिऊन उतरलेला गडी समोरच्याचा लंगोट धरून बसतो. दोनी हात गुतलं, मग डाव कशानं टाकायचा? किल्ली याच्याकडं दे. तू हितं बसून निस्तं बघ. मनात काय आलं ते सांजच्याला मला सांगायचं."

"आन् ह्यानं घोळ केला तर?" दादा माझ्याकडं न बघता म्हणाला.

"तर तुला दिसंलच की."

पहिल्याच संध्याकाळी दादानं सांगितलं, "सेक्रेटरीनं मापात बोट घातलं."

"मग?"

"फेस काढला."

"सभासदाचं नुकसान झालं का?"

"न्हाई. त्याला पुरं माप मिळालं."

दुसऱ्या दिवशी तक्रार वेगळी. मी आणि तो भाचा दादाकडं बघून हसत होतो म्हणे.

"इचारलंस का त्यास्नी?"

"इचारायचं कसं?"

"तोंडानं," वस्ताद म्हणाले.

सकाळी दादानं खरंच विचारलं. भाचा म्हणाला, "चेअरमनसाहेब, आमच्या म्हशीनं बायकोचं नवं लुगडं खाल्लं. परवा रातीपासनं घरात चूल न्हाई. हसू न्हाई तर काय करू?" दादाला हसू आवरेना. त्याला इतकं हसताना मी निवडणुकीनंतर पाहिलं नव्हतं. तरीही वस्तादांवरची माझी नजर मी काढली नाही. भाच्यासाठी ही पेरणी चालली नसेल कशावरून?

पुढं नगरला जायची वेळ आली, तेव्हा दादानं माझ्याकडून किल्ली मागून घेतली. मी मनात म्हटलं, झालं, पुन्हा तेच. एसटी सुटली, थोडी पुढं जाऊन थांबली आणि कंडक्टरच्या शिव्या खात दादा उतरला. "भावा, धर," म्हणाला आणि पळत परत चढला. त्या दिवशी दूध ट्रकमध्ये वेळेवर चढलं. रात्री घरी जाताना त्यानं मोकळे कॅन मोजले, हेही खरं. पण मोजून झाल्यावर किल्ली मागितली नाही.

सभासद कुठं गेले नाहीत. भाचाही पुढच्या निवडणुकीला उभा राहिला नाही. का, ते मला अजून कळलेलं नाही.

अखेर दिलेली रक्कम अशी : अकरा सभासदांना त्यांच्या त्यांच्या दुधाप्रमाणे एकूण एकेचाळीस रुपये चाळीस पैसे, चेअरमनच्या खिशातून. वस्तादांना त्यांनीच मागितल्याप्रमाणे सव्वा रुपया आणि नारळ. नारळ माझ्या पैशाचा.