समासातलं ‘याके?’

पद्मा गेल्याचं तिच्या भावानं फोनवर सांगितलं, आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, “अरे, पण तिचा लेख माझ्याकडं आहे!” किती वेडगळ बोलणं... पण खरंच होता. पंधरा दिवसांपूर्वी तिनं वाचायला दिलेला खर्डा माझ्या टेबलावर तसाच पडून होता.

एम.ए.ला आम्ही बेळगावात एका वर्गात. ती निपाणीकडच्या जैन शेतकऱ्याची मुलगी, मी बेळगावच्याच शहापुरातल्या विणकराचा मुलगा. परिषदेसाठी मी पहिलावहिला शोधनिबंध लिहिला, आमच्याच गल्लीतल्या मागांवर. खर्डा वाचून सगळा वर्ग ‘मस्त’ म्हणाला आणि मी हवेत! पद्मानं तो दोन दिवस ठेवून घेतला. परत आला तेव्हा वरच्या बाजूला पेन्सिलीनं ‘मला कळलं ते असं’ आणि खाली माझं सगळं म्हणणं चार ओळींत. मला काय म्हणायचं होतं ते मला तिथं कळलं! शुद्धलेखनाला तिनं हात लावला नव्हता. समासात फक्त तीन प्रश्न, आणि तिसऱ्याच्या आधी ‘याके?’. कन्नडमधलं ‘का?’. अडलं की ती मराठीतही हेच म्हणायची.

‘याके? कांड्या कोण भरतंय, ते कुठंच न्हाय.’

परिषद चार दिवसांवर आलेली. मी भडकलो. “अगं, माग चालवणाऱ्यांवर लिहिलंय मी!”

“व्हय की. पण कांडीवर सूतच नसलं तर माग चालतोय व्हय रं? तुमच्या घरात कोण भरतंय?”

आई... कांड्या भरायच्या तिच्या चरख्याशेजारी बसून मी अभ्यास केला होता. गल्लीतल्या पुरुषांना भेटून पानंच्या पानं लिहिली, आणि ती मला दिसली नव्हती. लाज वाटली, पण खरं सांगतो, त्याच्या दुप्पट आनंद झाला! पुढचे तीन दिवस आम्ही गल्ली पालथी घातली. बायका बोलायच्या थांबेनात. पद्मा मध्येच ओरडायची, “लई भारी! लिहून घे, विनू, लिहून घे!” चौथ्या दिवशी व्यासपीठावर मी पहिलं नाव आईचं घेतलं.

परवा धीर करून तिचा खर्डा उघडला. निपाणीच्या तंबाखूवरचा. शेतकरी, व्यापारी, मजुरीनं शेंडे खुडायला जाणाऱ्या बायका... सगळं कसं जिवंत! वर ‘मला कळलं ते असं’ लिहिलं, चार ओळी उतरवल्या आणि एकदम थबकलो. मजुरीच्या बायका होत्या, पण घरच्याच शेतात मजुरीशिवाय राबणाऱ्या कुठं होत्या? तिच्या घरी जेवताना आक्कांचे, तिच्या आईचे, खुडणीनं काळे पडलेले हात मी पाहिले होते. सापडलं! हात फोनकडं गेलासुद्धा... मग आठवलं.

रविवारी निपाणीला गेलो. तिच्या भावाला म्हटलं, हा लेख आपण पुरा करू. आक्का दारात बसल्या होत्या. विचारलं, “आक्का, तुम्ही किती वर्षं खुडणी केली?”

त्यांनी स्वतःच्या हातांकडं पाहिलं. “मला कोण इचारलंच न्हाय बघ, बाळा. पद्मीबी न्हाय.”

मग त्या सांगू लागल्या. मी पेन्सिल काढली, समासात ‘याके?’ लिहिलं, आणि तिच्या लेखात तिची आई लिहून घेऊ लागलो.