वर्षाराणीच्या तारखा

वर्षाराणी मूळची केज तालुक्यातली. लग्न होऊन बोईसरला आली त्याला अकरा वर्षं झाली. नवरा सुजित एमआयडीसीत ऑपरेटर, ती औषधाच्या गोळ्यांच्या कारखान्यात पॅकिंगला. पट्टीवरची तारीख पुसट छापली गेली असेल तर ती पट्टी बाजूला काढायची, हे तिचं काम. दोघांच्याही शिफ्ट बदलत्या असल्यामुळे मुलगी उत्कर्षा शाळेत जायला लागली तेव्हा वर्षाराणीची आई सोजराबाई गावाहून इकडे राहायला आली.

दोन वर्षांपासून वर्षाराणीच्या पाळीचं काही खरं राहिलं नव्हतं. कधी तीन आठवड्यांत यायची, कधी अडीच महिने नाही. उशीर झाला की ती मेडिकलमधून दिवस गेलेत का ते तपासायची पट्टी आणायची. दर वेळी एकच रेघ उमटायची. मग पाळी आली की दहा-बारा दिवस थांबत नसे. केस गळत होते, अंग जड झालं होतं, दोन जिने चढले की धाप लागायची. शिफ्टमुळे होत असेल, असं तिला वाटायचं. लाइनवरच्या इतर बायकाही तेच म्हणायच्या.

जानेवारीत एका दुपारी लाइनवर उभ्या उभ्या तिच्या पांढऱ्या कोटाला डाग लागला. शेजारी हिरा काम करत होती. ती सफाळ्याकडची. तिने आपला स्वेटर वर्षाराणीच्या कमरेला बांधला आणि विचारलं, "कितवा दिवस हाय?"

"नववा असेल. का दहावा."

"असेल म्हंजे? तुला ठावं नाय?"

वर्षाराणीला खरंच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुजित तिला घेऊन एका खाजगी दवाखान्यात गेला. सोनोग्राफी झाली. डॉक्टरांनी कागद पाहिला न पाहिला आणि विचारलं, "आणखी मूल हवंय का?" नको, म्हणाल्यावर ते म्हणाले, "मग पिशवी काढून टाका. मोकळ्या व्हाल."

घरी सोजराबाईला यात नवल वाटलं नाही. ती आणि तिचा नवरा भगवंत वीस वर्षं ऊसतोडीला जात. तिची पिशवी सत्ताविसाव्या वर्षीच काढली होती. टोळीतल्या कितीतरी बायकांनी काढली होती.

"काढून टाक," ती म्हणाली. "मला अंगावरून पांढरं जायचं. डॉक्टर म्हणला, ठिवली तर कॅन्सर हुईल. काढली. पुन्हा कामाला खाडा न्हाई का काय न्हाई."

सुजितने ऑपरेशनसाठी फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्याची रजा टाकली. वर्षाराणीने विरोध केला नाही. ती इतकी दमलेली होती, की आठ दिवस पडून राहायला मिळेल हेच तिला बरं वाटत होतं. आपल्या जागी कुणीतरी लागेल म्हणून तिने हे हिराच्या कानावर घातलं.

"कापायच्या आदी पालघरला सरकारी दवाखान्यात दाखव," हिरा म्हणाली. "माझ्या जावेला पण असाच सांगितलेला. आमी पालघरला नेली. तिची पिशवी हाय अजून."

सुजितला सुट्टी नव्हती, म्हणून पालघरला मायलेकीच गेल्या. तिथल्या डॉक्टर मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, "मागच्या तीन पाळ्यांच्या तारखा सांगा." वर्षाराणीला एकही सांगता आली नाही. मॅडमनी सोनोग्राफीचा कागद दोनदा वाचला, रक्त तपासायला दिलं आणि दोन दिवसांनी परत बोलावलं.

रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन आठच्या खाली होतं आणि थायरॉइडचा आकडा बराच वर गेला होता.

"तुमच्या पिशवीत काही दोष नाही," मॅडम म्हणाल्या. "थायरॉइड मंदावलाय, तो मंदावला की हा आकडा वाढतो. त्यामुळे पाळी पुढे जाते आणि आली की जास्त जाते. पिशवी काढून थायरॉइड बरा होणार नाही. त्याला रोजची गोळी घ्यायची, सकाळी उपाशीपोटी."

"नाइट शिफ्ट असली की सकाळ कुठली धरू?"

मॅडम हसल्या. "झोपून उठाल ती. नुसत्या पाण्यासोबत घ्या, नंतर अर्धा तास चहासुद्धा नको. रक्तवाढीची गोळी तिच्यानंतर चार तासांनी. आणि पाळी सुरू झाली तो दिवस, थांबली तो दिवस लिहून ठेवा. दर महिन्याला त्याच तारखेला आली पाहिजे असं काही नसतं. एकवीस ते पस्तीस दिवसांत आली तरी चालतं. आठ दिवसांच्या वर गेली, किंवा तासातासाला पॅड बदलावा लागला, तर वाट बघत बसू नका. इकडे या."

परतीच्या एसटीत उमरोळी गेल्यावर सोजराबाई लेकीकडे वळली. मग म्हणाली, "मव्हं पण गोळीनं भागलं असतं का गं?"

"माहीत नाही, माय."

"रगत तपासलंच नव्हतं त्यानं," सोजराबाई म्हणाली.

सुजितने रजा रद्द केली. वर्षाराणी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करू लागली. पहिले दोन महिने फारसा फरक पडला नाही, एकदा तर पाळी सत्तेचाळीस दिवसांनी आली. तिसऱ्या महिन्यात गोळीचा डोस वाढवला. त्यानंतर अडतीस, तेहतीस, छत्तीस दिवस, असं येऊ लागलं. रक्तस्राव सहा दिवसांत थांबू लागला. जिना चढताना मध्ये थांबावं लागेना.

ऑगस्टच्या फेरीला सोजराबाईने स्वतःहून चप्पल घातली. "मलाबी दाखवायचंय," एवढंच म्हणाली. तिचाही केसपेपर काढला. ऑपरेशनचे कागद तिच्याकडे नव्हतेच. मॅडमनी सोनोग्राफी करून घेतली. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढलेली असावीत, असं त्यांनी सांगितलं. हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

"तवापासनंच हाडं दुखायची," सोजराबाई म्हणाली. "अंगाची आग व्हायची, घाम फुटायचा. मोळी उचलंना की हे म्हणायचे, कामचुकार झाली."

"पाळी तिशीच्या आतच बंद झाली तुमची," मॅडम म्हणाल्या. "अंडाशयं गेली की हाडं लवकर झिजतात. तुम्ही कामचुकार नव्हता."

त्यांनी कॅल्शियम लिहून दिलं आणि हाडांच्या तपासणीची तारीख दिली.

दवाखान्याच्या पायरीवर बसून सोजराबाईने लेकीला भगवंतला फोन लावायला सांगितलं. ख्यालीखुशाली झाली. गावात पाऊस बेताचा होता. मग ती म्हणाली, "आवं, मव्हं दुखणं खरं व्हतं. डॉक्टरीण म्हणली."

पलीकडून भगवंतने विचारलं, "औषध दिलं का?"

"दिलंय," ती म्हणाली, आणि फोन लेकीच्या हातात दिला.