वर्दीचं दूध

आमच्या वडिलांनी आयुष्यात एकच साहस केलं, आणि तेही आम्हा सगळ्यांना नावेत कोंबून. उज्जैनच्या रामघाटावरून क्षिप्रेच्या धारेबरोबर खाली महिदपूरपर्यंत तीन दिवस जायचं, दोन्ही काठांचं जंगल बघायचं आणि मोटारीने परत यायचं. आम्ही वडिलांना आबा म्हणत असू. आबा या सहलीला दौरा म्हणत.

संस्थानच्या काळात ते सुभा कचेरीत, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य अंमलदाराकडे, पेशकार होते, कागदपत्रं सांभाळणारे कारकून. सुभासाहेब दौऱ्यावर निघण्याआधी गावोगावी वर्दीची चिठ्ठी जाई: अमुक दिवशी स्वारी येते आहे, दूध, सरपण, खाटा तयार ठेवाव्यात. या चिठ्ठ्या आबा लिहीत. अक्षर मोत्यासारखं. पाटील दुधाची चरवी घेऊन वेशीवर उभा असे, आणि तो आपल्या अक्षराला मान देतो आहे अशी आबांची पक्की समजूत होती. समोर घोड्यावर सुभासाहेब बसलेले असत, ही बाब ते सोयीस्करपणे विसरत.

पुढे संस्थान मध्यभारतात गेलं, मध्यभारत मोडून मध्यप्रदेश झाला, आणि आबांना हुकूम आला की महिनाअखेर भोपाळच्या कचेरीत हजर व्हा. आबा म्हणाले, राजीनामा देतो. या मुलखात आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांचा मान आहे, भोपाळात कोण विचारतो? आईने विचारलं, मान चुलीवर शिजतो का? आठ दिवस घरात हेच चाललं होतं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ मी रोज जेवताना बघत होते.

शेवटी पैज लागली. आबांनी नदीकाठच्या दोन गावांना जुन्या शिपायाच्या हाती वर्दीच्या चिठ्ठ्या पाठवल्या. त्यांचा मान राहिला तर राजीनामा, नाही राहिला तर भोपाळ. आई लगेच कबूल झाली. ही बाई हरणाऱ्या पैजेत पडत नाही, हे आबांना लग्नाला चौदा वर्षं होऊनही कळलं नव्हतं.

वर्दी गेली म्हटल्यावर शिधा नेण्याचा प्रश्नच नव्हता. दौऱ्यावर शिधा नेणं हा रयतेचा अपमान, असं आबा म्हणाले. त्यांनी बरोबर घेतली जरीची पगडी, लांब कोट आणि एक घडीची खुर्ची. आईने एक पत्र्याची पेटी घेतली, लुगडी आहेत म्हणाली आणि निघाल्यापासून तिच्यावरच बसून राहिली. पेटीत काय होतं ते मला ठाऊक होतं. मी तेव्हा बारा वर्षांची होते आणि आईच्या पक्षात होते.

मंगळनाथ मागे पडलं तशी वस्ती विरळ झाली. पळस, करंज, शिंदीची बनं. खडकांवर कासवं ऊन खात पडलेली. एका वळणावर पाणमांजरांचं अख्खं कुटुंब मासे फोडून खात होतं. मी आणि धाकटा भाऊ हरखून बघत राहिलो. आबांनी मानही वळवली नाही. ते खुर्चीत काठाकडे तोंड करून, कुणी मुजरा करतंय का ते बघत बसले होते. दोनदा नाव खडकात अडकली. नावाड्याने कमरेइतक्या पाण्यात उतरून ती ढकलली आणि आबांनी तेवढ्यापुरते पाय वर घेतले. हेच त्यांचं साहस.

पहिल्या गावाच्या काठावर दोन म्हशी होत्या. "चिठ्ठी पोचली नसेल," आबा म्हणाले.

दुसरं गाव यायला उन्हं कलली. भाऊ भुकेने रडून रडून गप्प झाला होता. काठावर एक म्हातारा खरोखरच वाट बघत बसला होता. आबांनी घाईघाईने पगडी चढवली आणि विजयी मुद्रेने आईकडे पाहिलं.

"राम राम," म्हातारा उठून म्हणाला. "मैं यहाँ का पटेल। चिट्ठी मिली थी। सूबा साहब कहाँ हैं?"

"सूबा साहब तो अब नहीं रहे। चिट्ठी हमने लिखी है। हम पेशकार।"

म्हाताऱ्याने आबांना पगडीपासून जोड्यापर्यंत नीट न्याहाळलं. त्याच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर आबांना बरं वाटलं असतं.

"देखो बाबूजी, वर्दी का दूध तो राज के साथ गया। पर बच्चे भूखे हों तो बोलो, घर में रोटी है।"

बोलायचं एवढंच होतं की होय, भूक लागली आहे. आबा म्हणाले, "हम भोजन करके निकले हैं।"

माझ्या भावाने त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी अजून विसरले नाही. तसं पाहायला मलाही आवडलं असतं, पण मी आईकडे बघत होते. ती ढिम्म बसून होती. तिला ते आबांच्या तोंडून ऐकायचं होतं, आणि त्यासाठी मूल उपाशी ठेवायची तिची तयारी होती. आमच्या घरात एकटे आबाच मानी होते असं कुणी समजू नये.

नाव पुढे निघाली. गाव दिसेनासं झाल्यावर आबांनी पगडी काढून मांडीवर ठेवली.

"पेटीत काय आहे?" त्यांनी विचारलं.

"दशम्या. आणि दशम्यांखाली भोपाळ."

तिने पेटी उघडली. आधी भावाच्या हातात दशमी दिली, मग तळातून एक कागद आणि दौत-टाक काढून आबांपुढे धरले. महिनाअखेर हजर होत असल्याचा अर्ज, चार ओळींचा. फक्त सही बाकी होती. मजकूर माझ्या अक्षरात होता. आईने तो आदल्या दिवशी दुपारी माझ्याकडून लिहून घेतला होता.

आबांनी कागद दोनदा वाचला. मग माझ्याकडे बघितलं. मी दशमी खात होते आणि खाणं थांबवलं नाही.

"अक्षर चांगलं आहे," ते म्हणाले आणि सही केली.