दुसऱ्याच्या ट्रेलरमधला फोटो

अवजड वाहनाचा कोर्स करून काय मिळालं, असं मला कुणी विचारलं तर खरं उत्तर एवढंच, की फोटो झकास आला. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीच्या गेटबाहेर उभ्या ट्रेलरच्या केबिनमध्ये, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून ऐटीत बसलेली मी. ट्रेलर दुसऱ्याचा. ड्रायव्हर चहाला निघाला होता, त्याला विचारून वर चढले, फोटो झाला की उतरले. तो मी गावी, कन्नडला आईला पाठवला आणि सोबत एक शब्द लिहिला नाही. घरच्यांनी जे समजायचं ते समजून घेतलं, आणि मी गप्प बसले.

कन्नडला मी कापडाच्या दुकानात होते. महिन्याला सात हजार, राहणं-खाणं आईकडं. चारचाकीचं लायसन्स आधीच काढलेलं होतं, त्यात डोक्यात शिरलं की आता मोठ्या गाड्या चालवायच्या. पतसंस्थेकडून साठ हजार कर्ज काढलं, आई जामीन राहिली आणि शहरात येऊन मी तीन महिने शिकले. शिकवणाऱ्यांनी मनापासून शिकवलं, माझा हातही चांगला बसला. पण नोकरी मागायला गेले तिथं प्रत्येकानं लायसन्स उलटूनपालटून पाहिलं आणि अनुभव विचारला. एका ट्रान्सपोर्टवाल्यानं तर अगदी मायेनं विचारलं, ताई, मुक्कामाला तुम्ही उतरणार कुठं? लई संताप आला. शेवटी ठेकेदाराकडून गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचं काम मिळालं. माल उचलायचा, रॅकवर ठेवायचा, गाडी मागं घ्यायची.

कामाला मी नावं ठेवणार नाही. पण दिवसभर माझ्या कानाशी बोलतो तो फक्त गाडी मागं घेतानाचा बझर. जेवणाच्या सुट्टीत गडीमाणसं एकीकडं बसतात, ऑफिसातल्या मुली त्यांच्या टेबलावर, आणि मी फोर्कलिफ्टच्या सीटवरच डबा उघडते. मुकुंदवाडीच्या खोलीवर आले की खोली खायला उठते. कुकरची शिट्टी उशिरा झाली तर मी कुकरला झापते. हसू नका, माणसाला कुणाला तरी झापावं लागतंच.

अशात मावसबहिणीचा फोन आला. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, दुकानात माझ्याच जागेवर लागलेली. तिलाही तोच कोर्स करायचा होता. मावशी जामीन राहायला तयार होती, सोमवारी पतसंस्थेत सह्या करायच्या होत्या, आणि राहायला ती माझ्याकडंच येणार होती.

मी 'ये' म्हणून मोकळी झाले. काय सांगू, इतका आनंद झाला की त्या दिवशी पोळी करपली तरी गोड लागली. घरमालकिणीला सांगितलं, आता आम्ही दोघी. तिनं भाडं पाचशेनं वाढवलं, तेही कबूल केलं. बाजारातून एक उशी आणली. रांगोळीसारख्या नक्षीचा अभ्रा, तिला आवडेल असा.

रविवारी दुपारी तिचा पुन्हा फोन. काय काय सामान आणू, हे विचारून झालं, आणि मग सहज म्हणाली, "ताई, सगळं जाऊन हातात किती राहतात गं?"

पुरतात, असं म्हटलं असतं तर ती आली असती. तो शब्द अगदी ओठावर होता. समोर ती उशी होती. पण मावशीकडं आहे काय, चार शेळ्या आणि एक सही. ती सही माझ्या शब्दावर होणार होती.

"तेरा हजार पगार हाय," मी म्हटलं. "हप्ता, भाडं, खाणं, जाणं-येणं जाऊन तीन राहतात. तुला दुकानात सात मिळतात, आन वर घरची भाकरी."

तिनं विचारलं, हप्ते फिटल्यावर? मी म्हटलं, तरी दुकानाएवढे नाय.

"मग तो ट्रेलर?"

"दुसऱ्याचा."

मला वाटलं, आता शिव्या घालील, घालायलाच पाहिजे होत्या. ट्रेलरचं माझ्या आईला सांगू का, असं तिनं हळूच विचारलं. सांग म्हटलं. मग म्हणाली, "मला पैशाचं एवढं नव्हतं ताई. तुझ्यासंगं राहायला मिळंल, असं वाटलं व्हतं."

निदान चार दिवस तरी राहायला ये, मी म्हटलं. ती म्हणाली, दुकानात सुट्टी कोण देतंय? आणि फोन ठेवला.

मी तोंड धुतलं आणि खाली घरमालकिणीकडं गेले. ती दारात लसूण सोलत बसली होती. बहीण कधी येणार, तिनं विचारलं. मी म्हटलं, भाडं आधीचंच ठेवा, काकू. मी एकटीच राहणार आहे.