युरोपाचा बैल सास्तूरला

धाराशिवहून सकाळची एसटी धरली तेव्हा मांडीवर पेटी होती. बुटांच्या खोक्याएवढी, लाकडी, वरून जुने रेशमी भरतकाम. सुमनने, माझ्या पत्नीने, ती हैदराबादच्या जुन्या बाजारातून आणली होती. झाकणावर ग्रीक पुराणातली गोष्ट आहे. देवांचा राजा पांढऱ्या बैलाचे रूप घेतो आणि पाठीवर बसलेल्या राजकन्येला, युरोपाला, समुद्रापार नेतो. बैल उठावाचा, आत लोकर भरलेला. ती लोकर कसरीने खाल्ली होती. सुमन ती नव्याने भरत होती. बैलाच्या पोटाची शिवण बोटभर उरली असताना ती गेली. सुई अजून तिथेच टोचलेली होती.

मला फक्त पेटीची उसवलेली कडा शिवून हवी होती. पोटाला हात लावू द्यायचा नव्हता.

लोहाऱ्याला गाडी बदलून सास्तूरला उतरलो. भूकंपानंतर नव्याने वसवलेले गाव, गल्ल्या सगळ्या सरळ आणि एकसारख्या. दोनदा भलत्याच दारात उभा राहिलो. दुसऱ्या दारातल्या बाईने हसत गोदामावशींचे घर दाखवले. मावशी वाकळ (जुन्या लुगड्यांची गोधडी) शिवतात. सुमन दोन हिवाळे त्यांच्याकडे टाके शिकायला येत असे. ती गेल्याचे त्यांना कळले होते. त्यांनी ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा पुढे ठेवला आणि मी जेवेपर्यंत पेटी निरखत बसल्या.

"ह्याला येसण कुठंय?" त्या म्हणाल्या. "म्हणूनच पळतोय. पोरगी पडंल की, सर."

बऱ्याच महिन्यांनी मला हसू आले.

मग मी कडेचे काम सांगितले. मावशींनी पेटी माझ्याकडे सरकवली. पोट उघडे ठेवून त्या कडा शिवणार नव्हत्या. त्यांच्याकडे वाकळ अर्धी टाकून बाई गेली, तर उरलेले टाके घरची माणसे घालतात, परक्याने घालायचे नसतात. मी म्हटले, सुई आहे तशीच राहू द्या.

"म्या परकी, तुमी घरचे. अन् तिनं सुई काय बघत बसायला ठिवली व्हय?"

शेवटी मी होकारार्थी मान हलवली. तेव्हा त्यांनी बैलाच्या पोटात ज्वारीचे पाच दाणे सोडले. वाकळसुद्धा त्या उपाशी ठेवून शिवत नाहीत, आत दाणे घालतात. कीड लागेल, असे मनात आले, तरी मी सुईला हात घातला.

सुई गंजून रुतली होती. हळूहळू सुटली. माझे सात टाके पडले, सगळे वाकडे. मी ते उसवायला निघालो, तर मावशींनी हात धरला.

"ऱ्हाऊ द्या. तिचं कुठवर अन् तुमचं कुठून, ते दिसतंय."

मग तासाभरात त्यांनी कडा शिवून दिली.

परतीच्या गाडीत शेजारच्या आजींनी पेटीवरून बोट फिरवले. बैलाच्या पोटावर ते थांबले. इतकं बारीक शिवून हितंच कसं बिघडलं, त्यांनी विचारले, घरात कुणी शिकवलं न्हाय का?

"बारीक टाके माझ्या बायकोचे," मी म्हणालो. "ती वारली. उरलेलं मी आज पुरं केलं."

इतके महिने कुणी पेटीबद्दल विचारले, की सुमन ती दुरुस्त करते आहे, असेच मी सांगत आलो होतो.